एक घर खाली

“काटेबाई, बारा वर्षांपूर्वीची वही हवी होती,” नवे साहेब दारातूनच म्हणाले, आणि शिडीवर चढलेल्या काटेबाई तिथेच थबकल्या.

निवृत्तीला चार दिवस उरले होते. वेधशाळेच्या या दप्तरखोलीकडे कोणी वर्षानुवर्षं फिरकत नसे, आणि फिरकलं ते नेमकं त्याच वहीसाठी.

काटेबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पूर्वी त्या दुर्बिणीवर असत. ताऱ्याचा उजेड मोजणाऱ्या यंत्राचा काटा दर दहा मिनिटांनी वाचायचा आणि वहीत उतरवायचा, हे काम त्यांनी सोळा वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं. मग एकदा एका ताऱ्यावर काटा रात्रभर नेहमीपेक्षा एक घर खाली राहिला. लेक तापाने फणफणली होती, बाईंचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी थोरल्या साहेबांनी वही पाहिली. “डुलकीत वाचलंत. मारा रेघ.” बाईंनी रेघ मारली. आठवड्याभरात त्यांची रवानगी दप्तरखोलीत झाली.

तेव्हापासून स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. कुलूप लावलं तरी बाई ते तीनतीनदा ओढून पाहत. “अजून एकदा ओढ, म्हणजे हातातच येईल,” असं यजमान चिडवत. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

बाईंनी वही टेबलावर ठेवली. दुसऱ्याने बोट दाखवण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

“साहेब, यात एक पान खराब आहे. माझ्याच हातून झालंय.”

“तेच पान हवंय मला.”

चुकलेला आकडा पुसायचा नाही, त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असा वेधशाळेचा नियम होता. साहेबांनी रेघेखालून बोट फिरवलं आणि खुर्ची ओढून बसले.

“बाई, हा तारा परवा पुन्हा मंदावला. अगदी एवढाच. त्याच्याभोवती एक अवाढव्य ग्रह फिरतोय. तो समोरून गेला की उजेड घटतो. एक फेरी बारा वर्षांची असावी असा अंदाज होता, पण मागची तारीख कुणाकडेच नव्हती.”

“पण मला तर डुलकी...”

“शेजारच्या ताऱ्याचा रकाना बघा. त्याच रात्रीचा, तुमच्याच हातचा. नेहमीसारखा आहे. डुलकीत वाचलं असतं तर तोही घसरला असता ना?”

बाईंनी चष्मा सावरून रकाना वाचला. वही बारा वर्षं हाताशी होती, पण लाजेपायी त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती.

साहेबांनी पेन पुढे केलं. “ज्याची नोंद, त्यानेच दुरुस्ती करायची.”

बाईंनी समासात लिहिलं, ‘मूळ आकडे बरोबर.’ खाली तारीख घातली, सही केली.

“आता पुन्हा कधी येईल हो तो?”

“बारा वर्षांनी.”

“तेव्हा सत्तरीची असेन. कळवा मला.”

दुपारी बाईंनी खोलीला कुलूप लावलं, एकदाच ओढलं आणि जिना उतरू लागल्या. अर्ध्यावर त्यांची पावलं थांबली. आज कुलूप एकदाच ओढलं, हे घरी जाऊन सांगायला यजमान हवे होते. कठड्याला धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग पदराने चष्मा पुसून उरलेल्या पायऱ्या उतरल्या.