शिवीचं नातं

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर दूरदेशीच्या एका अंगणात चला. लाल मातीचं अंगण आहे, एका कडेला शियाचं, बियांतून लोण्यासारखं तेल देणारं मोठं झाड आहे आणि झाडाखाली एक म्हातारा मागावर बसला आहे. मागाचे ताणे अंगणभर लांब गेलेत, पार कुंपणापर्यंत, आणि त्यांच्या टोकाला एक जड दगड बांधला आहे. कापडाची पट्टी विणली जाईल तसा तो दगड मातीवरून सरकत सरकत म्हाताऱ्याकडे येतो. त्या दगडावर एक मुलगी बसली आहे. तिचं नाव सोलांज. सकाळी ती कुंपणापाशी असते आणि संध्याकाळी आजोबांच्या गुडघ्यापाशी पोचते. तिच्या मते जगात याहून चांगली गाडी नाही.

आता दारात गाढवाची गाडी थांबल्याचा आवाज ऐका. मिठाचा व्यापारी नोबिला आला. तो उतरतो आणि पहिल्यांदा काय म्हणतो? "नमस्कार"? छे! तो एक शिवी देतो. ती मी लिहिणार नाही. तुम्हाला माहीत असलेला सगळ्यात वाईट शब्द मनात आणा आणि लगेच सोडून द्या.

"अरे, मेला नाहीस का अजून?" नोबिला पुढे म्हणायचा. "कुत्र्याची मुंडकी खाऊन खाऊन जिवंत राहतोस वाटतं!"

"आणि तू? गाडी ओढायला गाढव कसं उरलं रे? परवाच्या जेवणात संपलं नाही?" झाकारी आजोबा मागावरून न उठता ओरडायचे आणि मग त्यांचीही शिवी यायची, नोबिलाच्या शिवीपेक्षा हातभर लांब.

सोलांजची आई ओडिल पाण्याचा तुंबा घेऊन यायची. पाणी आधी पाहुण्याला द्यायचं, हे त्या गावात दुधपित्या पोरालाही ठाऊक. पण नोबिलाने हात पुढे केला की झाकारी मधेच तुंबा हिसकावून घेत. "मालक आधी, गुलाम नंतर!" आणि घटाघटा पिऊन उरलेलं त्याला देत. नोबिला कपाळावर हात मारून घेई. दोघंही खोकला येईपर्यंत हसत.

झाकारी सामो जमातीचे, नोबिला मोसी जमातीचा. सामो आणि मोसी एकमेकांना थट्टेने असंच बोलतात, त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून. कोणी रागवत नाही. रागावेल त्याचंच हसं होतं.

एकदा नोबिला गेल्यावर ओडिल म्हणाली, "मामंजी, एक सांगू? तुम्ही दोघं काय ते बोला. पण पोरीसमोर ते शब्द नकोत. मुंडकी, गाढवं चालतील. ते दुसरे नकोत."

"अगं सूनबाई, मीपण असंच ऐकत मोठा झालो. कानावर पडल्याशिवाय तिला कळणार कसं?"

"कानावर पडतंय, कळत नाहीये," ओडिल म्हणाली. "कुठं बोलायचं ते कोण सांगणार तिला?"

"येईल आपोआप," झाकारी म्हणाले आणि त्यांनी धोटा फेकला. खरं तर सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण विणताना त्यांना बोलायचा कंटाळा यायचा, आणि पोरगी दगडावर खुदुखुदु हसताना इतकी गोड दिसायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाकारींची बायको वारली. अंगण बायांनी भरलं, रडणं थांबेना. झाकारी मात्र रडतही नव्हते, नुसते भिंतीकडे बघत बसले होते. सोलांज त्यांच्या जवळ गेली, हात धरला, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. तेवढ्यात नोबिला आला आणि दारातच आडवा झाला.

"माझ्या गुलामणीला कुठं नेताय रे? एक मुंडकं ठेवा इथं, मग न्या!" आणि पाठोपाठ तीच शिवी. खाटेवर निजलेल्या आजीला.

रडणाऱ्या बाया हसल्या. झाकारींच्या गळ्यातून आधी एक चमत्कारिक आवाज आला, मग ते हसले, आणि हसता हसता अखेर त्यांना रडू फुटलं. सोलांजने ते डोळे भरून पाहिलं. आपला हात धरून जे झालं नाही, ते त्या शब्दाने झालं होतं.

शाळेत सोलांजला शिकवायला एर्मीनबाई होत्या. त्या दूर दक्षिणेकडच्या, दगारा लोकांतल्या. त्यांचे लोक आणि सामो यांच्यात असलं थट्टेचं नातं नाही. सोलांजचं बाईंवर फार प्रेम होतं. बाई फळ्यावर लिहीत तशी अक्षरं ती घरी मातीत काढायची, आणि बाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी मोठ्या वर्गाचं पुस्तक तुला मी स्वतः देणार हं."

एके सकाळी बाईंना फोन आला. त्यांचे वडील गेले. बस दुपारची होती. तोवर गावातली माणसं त्यांच्या खोलीसमोर चटयांवर येऊन बसली. झाकारीही गेले, आणि सोलांजचा हट्ट म्हणून तिलाही नेलं.

बाई हातातला रुमाल पिळत बसल्या होत्या. रडत नव्हत्या. नुसत्या भिंतीकडे बघत होत्या.

सोलांजने ते पाहिलं. तिने आजोबांचं बोट सोडलं. झाकारींना वाटलं, पोर बाईंच्या गळ्यात पडायला चालली. ती दारापाशी गेली आणि दारातच आडवी झाली.

झाकारी उठायला लागले, पण म्हाताऱ्या गुडघ्यांना वेळ लागतो.

"तुमचा म्हातारा कुत्र्याची मुंडकी चोरायचा!" सोलांज स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली. मग ती शिवी दिली. कुठेही न अडखळता, अगदी झाकारी देत तशीच, शेवटचा शब्द लांबवून.

आणि ती मान वर करून वाट बघू लागली, बाई आता हसतील म्हणून.

कोणी हसलं नाही. बाईंचा रुमाल खाली पडला. त्या उठल्या, पडलेल्या मुलीला ओलांडून बाहेर आल्या, आणि पिशवी घेऊन बसच्या फाट्याकडे चालू लागल्या. बस यायला अजून खूप अवकाश होता.

"असलं शिकवता होय पोरांना?" मागून कुणीतरी म्हणालं.

झाकारी काठी टेकत बाईंच्या मागे गेले. फाट्यावरच्या झाडाखाली त्यांना गाठलं. "बाई, चूक तिची नाही. माझी आहे. ते शब्द माझे आहेत. आमच्यात असं बोललं की दुःख हलकं होतं, तिला वाटलं..."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बाबा, तुमचं ते सगळं मला माहीत आहे. इतकी वर्षं इथं राहिले. ती लहान आहे, तिच्यावर मी रागावले नाही. पण आता वडिलांची आठवण आली की तिचा आवाज कानात येणार. त्याला मी काय करू?"

झाकारी बस येईपर्यंत थोडं लांब उभे राहिले आणि बस गेल्यावर घरी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी सोलांजला शेजारी बसवून सगळं सांगितलं. कोणाला बोलायचं, कोणाला नाही. मुंडकी कुठे, गाढवं कुठे. तो दुसरा शब्द म्हाताऱ्यांनीच एकमेकांना का द्यायचा, आणि खरं म्हणजे त्यांनीही का देऊ नये. दोन वाक्यांत होईल असं त्यांना वाटायचं, ते सांगायला अंधार पडला. सोलांजने सगळं ऐकलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "बाई परत येतील ना?"

बाई परत आल्या नाहीत. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा त्यांनी बदली मागून घेतल्याचं कळलं. त्यांच्या जागी एक गुरुजी आले. मोठ्या वर्गाची पुस्तकं त्यांनीच वाटली. सोलांजने पुस्तक घेतलं, खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

ती बोलायचीच कमी झाली. काही म्हणायचं असलं की आधी आईच्या तोंडाकडे बघायची. दगडावर अजून बसायची, पण हसायची नाही. झाकारी विणत राहिले आणि दगड गुपचूप जवळ येत राहिला. कधी वाटे, हा धोटा उलटा फेकता आला असता तर, ती वीण उसवत उसवत त्या दिवसाच्या आधी जाता आलं असतं तर. पण माग तसा चालत नाही.

आणि मग एके दिवशी दारात गाढवाची गाडी थांबली.

"मेला नाहीस का अजून?" नोबिला आत येत म्हणाला.

झाकारी मागावरून उठले. "या नोबिला," ते म्हणाले. "प्रवास बरा झाला? घरी सगळे खुशाल?"

नोबिला जागीच थांबला. त्याच्या हातातली मिठाची पुडी तशीच राहिली. "हे काय रे? माझं काही चुकलं का?" तो हळूच म्हणाला. "मी परका झालो होय तुला?"

"तसं नाही. पोर आहे इथं."

"पोर आधीही होती."

"हो," झाकारी म्हणाले. "तेच तर."

नोबिलाने सोलांजकडे पाहिलं. सगळी हकिगत बाजारात त्याच्या कानावर आली होतीच. तो चटईच्या अगदी कडेला टेकला, जसा नवखा पाहुणा टेकतो. दोन म्हातारे समोरासमोर बसले आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचेना.

सोलांज दगडावरून उतरली. घरात गेली आणि पाण्याचा तुंबा दोन्ही हातांत धरून बाहेर आली. दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. नोबिलाने सवयीने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. खूप वेळ पाहिलं. ओठ 'मालक आधी' असे नुसते हलले.

मग ती नोबिलाच्या हाताला वळसा घालून गेली आणि तुंबा आधी आजोबांसमोर धरला.