राहिलेला नवस

निल्दोच्या पायाला भिंगरी होती. सतरा वर्षांत नऊ देश आणि अकरा क्लब झाले, पण त्याची बॅग काही पुरती रिकामी झाली नाही. माल्टात असताना त्याला बहरीनचे वेध लागत, बहरीनला पोचला की तो व्हिएतनामची चौकशी करू लागे. थायलंडच्या दक्षिणेला लांगसुअनमध्ये मात्र तो दोन हंगाम टिकला होता. एवढा तो कुठेच टिकला नव्हता, आणि त्याचंही त्याला अधूनमधून भय वाटे. खोलीत चांगलं सागवानी कपाट होतं. त्यात तो चपला ठेवायचा. कपडे बॅगेतच असत.

आता तो चौतिसाचा झाला होता आणि गोल आटले होते. गोल न करणारा स्ट्रायकर म्हणजे भाकड म्हैस, तिचं जुनं कौतुक किती दिवस पुरणार? मागच्या हंगामातले शेवटचे नऊ सामने कोरडे गेले. या जुलैतल्या सरावातही तेच. चेंडू कधी खांबाला लागे, कधी गोलकीपरच्या गुडघ्याला. परवा तर समोर गोल रिकामा असताना त्याने चेंडू मागच्या मँगोस्टीनच्या बागेत भिरकावला. बागवाल्याचा कुत्रा तो तोंडात धरून पळाला, तेव्हा सगळा संघ हसला. निल्दोही हसला, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

बुधवारी सराव संपल्यावर कोच अनुवतने त्याला बाजूला घेतलं.

"निल्दो, तू मला आवडतोस. पण मला गोल जरा जास्त आवडतात."

"मलाही, कोच."

"रविवारी रानोंगच्या संघाशी सराव सामना आहे. सोमवारी परदेशी खेळाडूंची नावं द्यायची. जागा एकच उरलीय, आणि एक सर्बियाचा ताडमाड गडी कालपासून हॉटेलात येऊन बसलाय. रविवारी गोल कर, जागा तुझी."

"आणि नाही झाला तर?"

कोच शिट्टीच्या दोरीशी खेळत राहिला. "नाही झाला तर मला काही सांगायला लावू नकोस."

इथून निघालं की पुढे कुठे, हे पहिल्यांदाच निल्दोला ठाऊक नव्हतं. एजंट आताशा फोन उचलत नव्हता. आणि रविवार नेमका कोणता, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. जुलैचा शेवटचा रविवार. तो आठवू नये म्हणून त्याने सगळे गेल्यावर मैदानाला आणखी दहा चकरा मारल्या.

हे सगळं सम्रान मावशी भाताच्या पातेल्याआडून बघत होती. ती संघाचे कपडे धुवायची, भात रांधायची आणि कोचसकट सगळ्यांना झापायची. निल्दो धापा टाकत बाकावर बसला तशी ती हातातलं काम टाकून आली.

"पायाला तुझ्या काही झालेलं नाही. मोजे मीच धुते, मला कळतं. तुझं घोडं दुसरीकडेच पेंड खातंय. ऊठ, आजोबांकडे चल."

"मावशी, मी ख्रिस्ती आहे गं."

"आजोबांनी विचारलंय का तुला? ऊठ म्हटलं ना!"

उत्तरेकडच्या गोलमागे जुनं झाड होतं आणि त्याखाली मैदानाच्या राखणदार आजोबांचं लाकडी देऊळ. भोवती सिमेंटचे रंगीत कोंबडे शेकड्यांनी उभे होते. ज्याला आजोबा पावले त्याने आणून ठेवलेले. देऊळ सांभाळणारे चेट काका एकेकाळी याच क्लबाचे डावे बॅक होते. आता ते लंगडत झाडलोट करायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नवस कसा बोलावा ते शिकवायचे.

"काका, याचा गोल मागायचाय," मावशी म्हणाली.

"मागू की. पण रीतसर मागायचं. नाव, गाव, कुठे हवं, कधीपर्यंत हवं, बदल्यात काय देणार, सगळं स्पष्ट. नाहीतर आजोबा स्वतःच्या मनाने देतात. ती गिरणीवाली ठाऊक आहे ना? नवरा मागितला. कुठे राहणारा हवा ते बोलली नाही. आता तो तिच्याच घरी येऊन बसलाय, तीन भावांना घेऊन!" काका खदखदून हसले. "आणि पावले की फेडायला इथेच यायचं, स्वतःच्या पायांनी. बदली खेळाडू चालत नाही."

निल्दोने मान डोलावली. काकांनी उदबत्ती पेटवली आणि मध्येच थांबले.

"आधीचा एखादा नवस राहिलाय का? इथला, तिथला, कुठलाही?"

"नाही."

"नाही म्हणताना मान कशाला खाजवलीस?" मावशीने विचारलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मावशीपुढे तर नव्हताच. निल्दो कोंबड्यांच्या मधोमध खाली बसला आणि सतरा वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्याने मोडक्यातोडक्या थाईत सांगितली.

ब्राझीलच्या कोरड्या मुलखात काइको नावाचं त्याचं गाव. सोळा वर्षांचा असताना गावच्या मैदानावर त्याचा पाय नडगीतून मोडला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळायचं विसरा. तेव्हा त्याच्या आईने, लुझिनेतेबाईंनी, गावच्या सांतानाला नवस बोलला. सांताना म्हणजे येशूची आजी, त्या गावात तर सगळ्यांचीच आजी. हा पुन्हा खेळायला लागला तर तुझ्या मिरवणुकीत अनवाणी चालेल, असं आई बोलून बसली. मिरवणूक जुलैच्या शेवटच्या रविवारी असते. पाय जुळला. पुढच्या वर्षी पोरगा परदेशी खेळायला गेला तो गेलाच.

"आणि नवस?"

"दर जुलैला काहीतरी निघायचं. कधी सराव, कधी नवा करार."

ती सतरा कारणं खरी होती, पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते मात्र त्याने थाईतही सांगितलं नाही. निल्दोला वाटायचं, नवस फेडला की आजीचं काम संपलं. ती पायावरचा हात काढून घेईल. राहिलेला आहे तोवर तिचं आपल्याकडे लक्ष आहे. म्हणून तो दर जुलैला गावापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जायचा.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! आणि मी त्याच्या बुटांना दोष देत होते!"

चेट काकांनी उदबत्ती मातीत खुपसून विझवली. "नाही जमायचं, बाबा. तिकडे आजी वाट बघत बसलेली आणि इकडे आजोबांना मध्ये घालतोस? या म्हाताऱ्या माणसांचं आपसात सगळं ठरलेलं असतं. आधी तिकडचं मिटव."

निल्दो खोलीवर गेला, बसला, उठला, पुन्हा बसला. संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे काइकोत सकाळचे आठ. त्याने फोन लावला. आई कॉफी गाळत होती.

"एवढ्या लवकर? कुणी मेलं का?"

"नाही गं. आई, तो नवस. सांतानाचा."

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला. "आज कसा आठवला?"

"इथल्या एका काकांनी विचारलं."

"भला माणूस दिसतो. काळजी करू नकोस, बाळा. मी चालते ना दर वर्षी तुझ्या जागी. अनवाणी. तुझा तो मोडक्या पायातला जुना बूट काखेत धरून."

निल्दोला हे ठाऊक नव्हतं. सतरा वर्षांत तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

"दर वर्षी?"

"मग? बोलले मी, तर फेडणार कोण? यंदा मात्र गुडघे साथ देत नाहीत. शेजारचा जिल्सन म्हणतो, वाळू-सिमेंटच्या हातगाडीत बसवून ढकलतो. मी म्हटलं, धू आधी ती. सिमेंटात बसून आजीसमोर जाऊ का मी?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

"तू मला बोलावलं का नाहीस?"

"तुझा खेळ होता ना."

"आई, मी मुद्दाम येत नव्हतो. फेडलं तर खेळ संपेल, असं वाटायचं."

तिकडे कॉफीचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लुझिनेतेबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "चूक माझीच झाली, पोरा. गुडघे टेकून मागितलं, माझं पोरगं खेळू दे. कुठे, ते सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं, खेळशील आपल्या गावच्या मैदानावर, आणि रोज जेवायला घरी येशील."

फोन ठेवल्यावर निल्दो पलंगाच्या कडेवर बसून हमसून रडला. मग उठून तोंड धुतलं आणि सरळ कोचच्या घरी गेला. कोच अंगणात ड्युरियनचं काटेरी, उग्र वासाचं फळ फोडत होता.

"कोच, रविवारी मी नसेन. घरी जातोय."

"वेडबिड लागलं का तुला? रविवारी नाहीस तर सोमवारी नाव कुणाचं जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

कोचने सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. कुणी मेलंय का, असं त्यानेही विचारलं. मग ड्युरियनचा एक गर त्याच्या हातावर ठेवला. "खा. विमानात हे नेऊ देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी यायच्या आधी निल्दो देवळात गेला. मावशी आणि काका दोघंही आधीच हजर होते. अशा बातम्या लांगसुअनमध्ये माणसाच्या आधी पोचतात.

"माझ्यासाठी काही नाही," निल्दो म्हणाला. "आईसाठी मागितलं तर चालेल का आजोबांना?"

काकांनी विचार केला. "दुसऱ्यासाठी मागायला हरकत नाही. पण नीट बोल."

निल्दो गुडघ्यांवर बसला आणि नीट बोलला. "माझं पूर्ण नाव जोसेनिल्दो. माझी आई लुझिनेते, राहणार काइको, ब्राझील. येत्या रविवारी संध्याकाळी मिरवणूक निघाल्यापासून चर्चच्या दारापर्यंत तिचे गुडघे चालू देत. दोन्ही गुडघे. हातगाडी नको. ते झालं तर मी इथे येऊन मैदानाला नऊ फेऱ्या अनवाणी घालीन आणि एक कोंबडा ठेवीन."

"कधीपर्यंत?"

"इथल्या नदीतल्या नौकांच्या शर्यतीआधी. ऑक्टोबरच्या आत."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदाच आपण एखाद्या जागी परत यायचं कबूल केलंय. मावशीच्या ते त्याच्याआधी लक्षात आलं होतं. तिने बॅग उघडली, त्याचे बूट काढून घेतले आणि बॅग बंद केली. "हे इथेच राहू देत. अनवाणी चालायला बूट कशाला लागतात?"

रविवारी सकाळी तो काइकोत उतरला. आईने मक्याच्या कणीचं वाफवलेलं कुसकुस आणि वाळवलेलं मांस वाढलं, आणि तो किती वाळलाय ते शेजारच्या चार घरांना ओरडून सांगितलं. तो खात असतानाच मावशीचा संदेश आला. "सर्बियावाल्याने दोन मारले. तुझे बूट उन्हात ठेवलेत." त्याने तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. दिवसभर तापलेले दगड अजून चटके देत होते. सतरा वर्षं बुटात राहून निल्दोचे तळवे मऊ पडले होते. शंभर पावलांत तो पाय उचलून टाकायला लागला.

"फुटबॉलवाला म्हणे!" आई म्हणाली. "पाय बघा, पाद्रीबाबांसारखे!"

तिने त्याचा दंड घट्ट धरला होता, दुसऱ्या काखेत तो जुना बूट. जिल्सन धुतलेली हातगाडी घेऊन मागेमागे येत होता. औषधाच्या दुकानापाशी ती थांबली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली. जिल्सन पुढे झाला. तिने त्याला हाताने बाजूला सारलं आणि पुन्हा चालू लागली. निल्दो तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिला, दोन्हींकडे, एकेका पावलाला. ते चर्चच्या दारापर्यंत पोचले.

त्याला वाटलं होतं, या दारात काहीतरी होईल, पायातून काहीतरी निघून जाईल. तसं काही झालं नाही. तळव्याला फोड आला होता, तेवढंच. घंटा वाजत होत्या आणि लोक आजीच्या पालखीला हात लावायला रेटारेटी करत होते.

लुझिनेतेबाईंनी बूट पालखीपाशी टेकवला, डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात नवा नवस बोलायला लागल्या. निल्दोला एकेक शब्द ऐकू आला. या वेळी त्यांनी काहीच राहू दिलं नाही. पोराचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, गल्ली, घराचा नंबर, दार निळं आहे हेही सांगितलं. इथेच राहू दे, म्हणाल्या, न खेळला तरी चालेल.

निल्दो तिच्याशेजारीच उभा होता. लांगसुअनच्या नऊ फेऱ्यांचं त्याने तिला अजून सांगितलं नव्हतं.