लाल वर्तुळ कुणी पुसलं

मित्रांनो, मी प्रशिक्षणाच्या खोलीतला एक जुना पांढरा फळा आहे, आणि मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्यांनी शांत असावे म्हणतात. मला ते जमत नाही.

माझा जन्म पत्र्याचा. त्यावर मुलामा चढवून भट्टीत भाजले, चारी कडांना ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका कंपनीत मला टांगले. ही कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहिते. पहिली काही वर्षे माझ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुणाकुणाचे फोन नंबर, एवढेच येत असे.

मग बाई आल्या. आठ-दहा वर्षे काम केलेल्या इंजिनियरांना पुढच्या टप्प्याचे शिकवायला त्यांना बाहेरून बोलावले होते. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "लॅपटॉप मिटा. प्रोग्राम लिहिण्याआधी त्याचं चित्र काढायचं. हजार ओळींत लपलेलं भोक चित्रात उघडं पडतं." लिफ्टची प्रत्येक अवस्था म्हणजे एक चौकोन, आणि एका अवस्थेतून दुसरीत नेणारी घटना म्हणजे एक बाण. अकरा जण माना खाली घालून आले होते; दुपारपर्यंत ते माझ्यासमोर उभे राहून भांडू लागले. "फळा मोठा आहे म्हणून बरं," बाई म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस जगलो.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या नव्या प्रोग्रामचे चित्र काढले. प्रोग्राम तपासणारी एक इंजिनियर त्या वर्गात होती. सगळे तिला शंकाताई म्हणत, अर्थात मागून. ती उठली आणि 'दार उघडे' या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "इथे असताना वीज गेली आणि परत आली, तर लिफ्ट कुठल्या चौकोनात जागी होते?"

बाण नव्हता. प्रोग्राम उघडून पाहिला, तर वीज परत आली की लिफ्ट दार बंदच आहे असे धरून चालायची. बाईंनी त्या जागी लाल वर्तुळ काढले. "आधी हे दुरुस्त करा. मग पुढचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतले साहेब आले. पाहुण्यांना ही खोली दाखवायची होती. "हे काय गिचमिड करून ठेवलंय?" असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने मला पुसले आणि टपोऱ्या अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहिले. शंकाताई धावत आली.

"साहेब, ते वर्तुळ..."

"मुदत जवळ आलीय. शंका नंतर काढा. चित्रं काढून लिफ्ट चालत नसते."

वर्गाचे उरलेले दोन दिवस रद्द झाले. बाई पिशवी उचलून गेल्या. मग माझ्यावर जाहिरातीचे पोस्टर चिकटवले, माझ्या कोपऱ्यावर कुणी जॅकेट अडकवू लागले. त्याचे मला काही नाही. पण वर्गातले अकराही जण रोज माझ्यासमोरून जात, आणि शंकाताई सोडली तर एकानेही तोंड उघडले नाही, याची चीड मला आजही आहे.

तीन महिन्यांनी नवा प्रोग्राम आधी आमच्याच इमारतीतल्या लिफ्टमध्ये घातला. एका दुपारी वीज गेली. साफसफाईच्या मावशी बादली घेऊन लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. वीज आली आणि दार उघडे असतानाच लिफ्ट वर सरकली. बादली आपटल्याचा आवाज भिंतीतून माझ्यापर्यंत आला. मग मावशींचा. त्यांचा पाय घोट्यापाशी मोडला.

संध्याकाळी याच खोलीत बैठक बसली. साहेब मान हलवत म्हणाले, "दुर्दैव. असं काही होईल हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं."

शंकाताई उठली. तिने माझ्यावरचे पोस्टर टराटरा फाडले आणि कागदाकडे न बघता सगळे चित्र पुन्हा काढले, चौकोन न् चौकोन. शेवटी त्याच जागी लाल वर्तुळ. "लक्षात आलं होतं, साहेब. तुम्ही पुसलंत."

साहेब काही बोलणार, तोवर मागच्या बाकावरचा दाढीवाला इंजिनियर उठला. "मीही होतो वर्गात. गप्प बसलो. माझंही चुकलं." मग आणखी एक उठला. मग आणखी एक.

लिफ्टमधून तो प्रोग्राम काढून टाकला, बाईंना परत बोलावले. साहेब? त्यांची वरच्या जागेवर बढती झाली. सांगताना माझा मुलामा तडकतो.

मावशी चार महिन्यांनी काठी टेकत कामावर आल्या, आता बसून करायच्या कामावर. वर्ग सुरू होता. दारात थांबून त्यांनी माझ्यावरचे ते चौकोन आणि बाण बराच वेळ पाहिले. मग शंकाताईला विचारले, "पोरी, हे लिफ्टचं ना? मग यात माणूस कुठंय?"

बाईंनी पेन मावशींच्या हातात दिले. मावशींनी काठी माझ्या पट्टीला टेकवली आणि उघड्या दाराच्या चौकोनात एक वाकडातिकडा माणूस काढला. बाई म्हणाल्या, "आता पहिल्यापासून बघू."

मित्रांनो, फळा पुसायला माझी हरकत नाही. मी त्यासाठीच आहे. पण हातात डस्टर घेतलात की आधी वाचा. काय पुसताय ते वाचा. आणि दुसरा कुणी न वाचता पुसत असेल, तर त्याचा हात धरा, मग तो साहेब का असेना.