पुस्तकाच्या पाठीवरचा जिना

त्या काळी पुस्तकं हातानं जुळवायचे. माडीवर बाइंडिंगच्या खोलीत लांबलचक टेबलावर बारा फर्म्यांचे बारा गठ्ठे ओळीनं मांडलेले असायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. सात-आठ बायका एकामागोमाग एक टेबलाभोवती फिरायच्या, प्रत्येक गठ्ठ्यावरचा एकेक फर्मा उचलायच्या आणि टोकाला पोचेपर्यंत हातात अख्खं पुस्तक जमायचं. पानांवरचे आकडे कुणी वाचत नसे. पावलं जुळावीत म्हणून पुढची बाई एखादं गीत गुणगुणायची, बाकीच्या त्या चालीवर चालायच्या.

अठरा वर्षं पुढची बाई थोरलीच होती. मग तिचे गुडघे गेले. मालकांनी तिला स्टुलावर बसवून जिना तपासायचं काम दिलं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असे, आदल्या फर्म्याच्या खुणेपेक्षा जराशी खाली. बारा फर्मे ओळीनं लागले की पुस्तकाच्या पाठीवर खुणांचा सरळ जिना उतरायचा. एक जरी फर्मा इकडचा तिकडे झाला तरी पायरी मोडायची, आणि ती बघायला एक नजर पुरे.

आणि पुढची बाई झाली धाकटी. थोरलीची सख्खी बहीण.

इथंच थोरलीच्या पोटात दुखू लागलं. खरं तर ते दुखणं जुनंच होतं. लहानपणी आई म्हणायची, "थोरलीला शहाणपण दिलं, धाकटीला हसू." थोरलीला तेव्हापासून वाटे, वाटणीत आपण फसलो.

आता तर धाकटीला हसायला जागाच राहिली नव्हती. तिचा नवरा रंगारी. आठ महिन्यांपूर्वी भिंत रंगवताना परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. घर सोडावं लागलं. एका खोलीत ती त्याला कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची आणि मग कामावर यायची, तीही गुणगुणत!

थोरलीचा नवरा धडधाकट, घर दोन खोल्यांचं, मुलगा नोकरीला लागलेला. रविवारची उपासना तिनं कधी चुकवली नव्हती. पण उपकारस्तुतीच्या, देवाचे जाहीर आभार मानायच्या वेळी मुलाच्या नोकरीबद्दल ती उभी राहिली, तेव्हा पुढच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली होती. त्याच रविवारी धाकटी उभी राहून म्हणाली, "आज ह्यांनी पायाचा अंगठा हलवला," आणि अर्धी मंडळी डोळे पुसू लागली. उपासना चालवणाऱ्या खुद्द पाळकांनी चष्मा काढला.

'माझा मुलगा, आणि हिच्या नवऱ्याचा अंगठा!' थोरली घरी येईपर्यंत धुमसत होती.

एकदा चहाच्या सुट्टीत तिनं विचारलंच, "एवढं हसू तुला येतं तरी कुठून गं?"

"मागते. रोज सकाळी, ह्यांची चादर बदलताना."

"आणि लगेच मिळतं?"

"छे! कधीकधी दुपार होते. तोवर गुणगुणत राहते. कोरडंच. मग येतं."

"मीही मागते की. तीस वर्षं मागतेय."

धाकटीनं कप खाली ठेवला. "ताई, तू मागतेस की देवाला जाब विचारतेस?"

जुळलेली पुस्तकं शिवणारी शिलाईवाली शेजारीच बसली होती, ती फिसकन हसली. ते हसू थोरलीच्या काळजात काट्यासारखं बसलं.

तेव्हा प्रार्थनामंदिरासाठी गीतांच्या पुस्तकाचं काम आलं होतं. तीनशे प्रती. सकाळी गठ्ठे मांडायचं काम धाकटीचं. एका सकाळी थोरली सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. धाकटी गठ्ठे लावून हात धुवायला गेली आणि थोरलीनं उठून सातवा गठ्ठा आठव्याच्या जागी ठेवला, आठवा सातव्याच्या.

फार काही मनात नव्हतं तिच्या. पहिली चार पुस्तकं हातात आली की जिना मोडलेला दाखवायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, 'गाण्याच्या नादात गठ्ठे कुणी लावले गं?' एवढंच. धाकटीचं तोंड एकदा तरी उतरलेलं तिला बघायचं होतं.

पहिली चार पुस्तकं आली. पायरी ठळक मोडलेली. थोरलीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात धाकटी टेबलाच्या त्या टोकाकडून म्हणाली, "बायांनो, सांगायचंच राहिलं! आज हे उठून बसले. भिंतीला टेकून, आपले आपण!"

मग काय विचारता. रांग मोडली. कुणी तिला मिठी मारली, कुणी टाळ्या पिटल्या. शिलाईवाली, जी कुणाला कधी बरं म्हणायची नाही, तीसुद्धा म्हणाली, "आता उभा राहिला की पहिली भिंत माझ्या घरची रंगवायची, सांगून ठेव."

थोरलीनं हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. ह्या गोंगाटात आपलं कोण ऐकणार? चहानंतर सांगू, असं म्हणत तिनं ती चार पुस्तकं पुढं सरकवली. चहानंतरही विषय तोच. आता सांगावं तर इतका वेळ काय झोपली होतीस, असं कुणी विचारेल. पुस्तकामागून पुस्तक येत होतं, मोडका जिना तिच्या डोळ्यांसमोरून जात होता, आणि शिलाईवाली दोरा ओढत होती. संध्याकाळी तीनशेच्या तीनशे प्रती शिवून झाल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सहज एक प्रत उघडली. गीताचं दुसरं कडवं संपलं, पान उलटलं तर तिसरं कडवं गायब, भलतंच गीत मधूनच सुरू. त्यांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली.

"गठ्ठे कुणी लावले?"

"मी," धाकटी म्हणाली.

"रविवारी पुस्तकं द्यायचीत! लक्ष कुठं होतं?" मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "आणि तुम्ही हो? जिना बघितला नाहीत?"

थोरलीनं मान खाली घातली. तिनं काही म्हणायच्या आतच धाकटी बोलली, "तिला नका बोलू, मालक. तिचे डोळे दमतात हल्ली. माझंच चुकलं. काल मी भानावर नव्हते. आनंदानं डोकं फिरलं होतं माझं."

"मग तो आनंद घरी बसून करा. उद्यापासून येऊ नका."

धाकटीचं तोंड उतरलं. थोरलीला हवं होतं, अगदी तसं. आपल्या गुडघेदुखीहून जुनी इच्छा अशी डोळ्यांदेखत पुरी झाली आणि तिनं नजर दुसरीकडे वळवली. धाकटी पदराशी चाळा करत, कुणालाच नव्हे, आपल्याशीच म्हणाली, "इतकं खूश व्हायला नको होतं मी."

ते वाक्य थोरलीला सोसेना. ती स्टुलावरून उठली. गुडघे कडकडले.

"मालक, गठ्ठे हिनं बरोबर लावले होते. मी बदलले. जिनाही बघितला होता. पहिल्या पुस्तकापासून."

"का?" मालकांना खरंच कळेना.

थोरलीला शंभर कारणं सांगता आली असती. ती म्हणाली, "ही हसते म्हणून."

मालकांनी टेबलावरच्या प्रती थोरलीपुढं सरकवल्या. म्हणाले, धाकटीनं राहावं. थोरलीनं तीनशे प्रतींची शिलाई स्वतःच्या हातानं उसवावी, आणि यापुढं खळ लावायच्या टेबलावर बसावं. जिना दुसरं कुणी बघेल.

धाकटी थोरलीजवळ आली. डोळे लाल. "त्यांचं औषधपाणी ह्या कामावर चालतं. तुला माहीत होतं."

"होतं."

"बोलू नकोस माझ्याशी."

दोन दिवस थोरली दोरे कापत बसली. धाकटी पुढं चालत होती, पण ओठ मिटलेले. ताल नसल्यामुळं बायका एकमेकींच्या टाचांवर पाय देत होत्या, फर्मे सांडत होते. "रांग आहे का मेंढरं?" शिलाईवाली करवादली. थोरलीनं खूप वर्षं ज्या हसण्याचा हेवा केला, ते आता खोलीत नव्हतं, आणि खोली राहण्यासारखी उरली नव्हती. तिनं प्रार्थना करून पाहिली. नेहमीचे शब्द येईनात. 'हे मी केलं, प्रभू,' एवढंच तिला पुन्हापुन्हा म्हणता आलं. जाब विचारायला तोंडच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दोरा कापता कापता, ती गुणगुणू लागली. आनंद म्हणाल तर तिळाएवढाही नव्हता. आवाज चिरका, घसा कोरडा. बायका वळून बघू लागल्या. ती थांबली नाही. मागे धाकटीनं सांगितलं होतं तसंच करत राहिली, यायचं तेव्हा येईल म्हणून. पहिलं कडवं संपलं, दुसरं लागलं. टेबलाभोवतीची पावलं हळूहळू जुळू लागली.

"फार वर धरलंस," धाकटी पाठमोरीच म्हणाली. "शेवटच्या ओळीला मरशील."

"मग तू धर खाली."

धाकटी चालत राहिली. एक अख्खा फेरा झाला. मग तिनं दोन सूर खाली घेऊन तेच कडवं उचललं, आणि थोरली आपला आवाज बारीक करून तिच्या मागे गेली.

सुटायच्या वेळी धाकटी दारात थांबली. "आठ महिन्यांत एकदा आली नाहीस. रविवारी ये. बसलेले बघ त्यांना."

"येते."

"आणि तिथं रडू नकोस. त्यांना आवडत नाही."

ती गुणगुणत जिन्यावरून उतरली. गोड गळा मेलीचा, थोरलीच्या मनात आलंच. गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक पायरी करत, तीही तिच्यामागून उतरली, तेच गीत तोंडात धरून.