कापसाचे नवरे

रुपराव बोरकर हिंगण्याच्या कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा कारखान्याने शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आता पाळी त्यांच्या बायकोची, मायाताईंची होती. पहिल्या आठवड्यात रुपरावांनी पोळ्यांचा गोलपणा तपासला, दुसऱ्यात डब्यांच्या झाकणांचे दोष काढले. तिसऱ्यात त्यांचं लक्ष भिंतींकडे गेलं.

प्रताप नगरच्या त्या घरात बावीस फ्रेमी टांगलेल्या होत्या. मायाताई वीस वर्षांपासून पंच नीडल करत. जाड कापड रिंगमध्ये ताणायचं, पोकळ सुईत लोकर ओवायची आणि टोचत जायचं. टोचायचं या बाजूने, लोकरीचे फुगीर टाके उमटतात त्या बाजूला. पोपट, बैलजोडी, घागर घेतलेली बाई. वीस वर्षं रुपरावांना यातलं काही दिसलं नव्हतं. आता दिसलं ते दोषासकटच.

"हे सगळं चपटं आहे," ते म्हणाले. "नुसतं लटकून राहिलं. वस्तू कशी, उभी पाह्यजे."

चित्र चपटंच असतं, असं मायाताईंनी सांगून पाहिलं. पण रुपरावांनी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले होते, आणि तीन व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला काही सांगायचं उरत नाही. त्यांनी पोपट फ्रेममधून काढला. कडेला दोन बोटं कापड सोडा, मागून डिंक लावा, नाहीतर टाके सुटतात, असं मायाताईंनी स्वयंपाकघरातून बजावलं. चौतीस वर्षं अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब सांभाळलेल्या माणसाला बोटांची भाषा पटली नाही. त्यांनी अर्धा मिलिमीटरच सोडला, मागे दुसरं कापड शिवलं आणि कापूस ठासला.

संध्याकाळपर्यंत पोपटाची अवस्था मांजराच्या तावडीतून सुटल्यासारखी झाली. पोटातून लोकर लोंबत होती आणि उभा केला की तो चोचीवर पडत होता. रुपरावांनी चष्मा पुसून अहवाल दिला की मूळ मालातच दोष आहे.

तो पोपट मायाताईंनी अपेक्षाच्या, म्हणजे लेकीच्या, बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर बसून केला होता. त्यांनी नवं कापड ताणलं आणि त्यावर नवरा काढला.

चित्र उलट्या बाजूला उमटतं, म्हणून खिसा उजवीकडे काढला, तेव्हा तो डावीकडे आला. पुढचा भाग टोचला, मग पाठ. दोन बोटं कापड सोडलं, मागून डिंक लावून वाळवला, वळणांवर कात्रीने बारीक काप दिले, उलटं शिवून सुलटं केलं. पायापासून चिमूट-चिमूट कापूस भरला, बुडाला गोल पुठ्ठा आणि वाळूची पुरचुंडी बसवली. कापसाने चपटा माणूस फुगतो, हे त्यांना माहीत होतं. या माणसाच्या बाबतीत ती सोयच झाली.

चार दिवसांनी तो शोकेसवर उभा राहिला. हात मागे, भुवया वर, ओठ खाली.

"हे कोण?" रुपरावांनी विचारलं.

"ओळखा."

त्यांनी बुडाखाली पट्टी सरकवून पाहिली. कुठेच सरकेना. मग म्हणाले, पोट जास्त झालं. मायाताई म्हणाल्या, नाही झालं.

महिला मंडळाच्या प्रदर्शनात रुपराव ती बाहुली स्वतः घेऊन गेले आणि दिवसभर शेजारी उभे राहून "आम्ही हे कसं केलं" ते सांगत राहिले. त्यांचेही हात मागेच होते. कोणता कापसाचा, हे बायकांना लांबून कळत नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षा वेदिका देशकर यांनी मायाताईंना बाजूला घेतलं.

"आमच्या ह्यांचा करून द्याल का? पण हा बोलत नाही ना?"

संध्याकाळपर्यंत पाच नवऱ्यांच्या ऑर्डरी आल्या. एकीला मिशी नको होती, एकीला लग्नातले केस हवे होते. एकीने तोंड शिवलेलं मागितलं. मायाताईंनी सुई घेतली आणि कापूस भरण्याचं काम रुपरावांकडे दिलं. अखेर त्यांना उलट न बोलणारा माल मिळाला होता.

मग कामठीहून दामिनी मेश्राम आल्या. त्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्यांनी फोटो पुढे ठेवला.

"हे डाव्या पायानं लंगडत," त्या म्हणाल्या. "सरळ उभे केले तर मले ते वाटणार नाही. थोडे झुकलेलेच पाह्यजेत."

वाकड्या मालाची ऑर्डर घ्यायची नसते, यावर आता व्याख्यान होणार म्हणून मायाताई चहाला उठल्या. पण रुपरावांनी फोटो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

मायाताईंचं टोचकाम झाल्यावर दोन दिवस ते त्या बुडाशीच बसले. झुकवला की बाहुला पडे, पडू नये असं केलं की ताठ होई. त्यांनी पुरचुंडी तीनदा उसवली, वाळू एका अंगाला सरकवली, दुसऱ्या अंगाला लोखंडी छर्रे घातले. तिसऱ्या दिवशी हाक मारली.

"माया, इकडे ये वं. हा वाकडा आहे." मग म्हणाले, "पास आहे."

मायाताईंनी बाहुल्याच्या शर्टावरची लोकर सारखी केली.

दामिनीताई त्याला मांडीवर घेऊन ऑटोने कामठीला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. टीव्हीशेजारी उभा केला आहे, म्हणाल्या, सकाळपासून दोनदा त्याच्यावर रागावून झालं.

रुपरावांनी फोन मागून घेतला आणि विचारलं, पडला तर नाही?

नाही पडला, त्या म्हणाल्या.