सहा तासांचं पान

धर्मेंद्रला स्वतःबद्दल शंका अशी कधी फारशी आलीच नाही. उधन्याच्या गाळ्यात नऊ वर्षं त्याने बारा-बारा माग एकट्याने सांभाळले, आणि तार तुटायच्या आधीच आपल्याला कळतं असं तो छातीठोकपणे सांगायचा. मग एके दिवशी त्याने माग सोडले, जड गाडीचं लायसन काढलं आणि इच्छापोरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर म्हणून लागला. तो राहायचा त्या नवागामच्या गल्लीत लोकांनी तोंडसुख घेतलंच. मागावरच्या माणसाचे हात गाडीच्या स्टेअरिंगवर कसे बसणार, असं शेजारच्या शोभाबाई महिनाभर म्हणत होत्या. दोन महिन्यांत त्यांनी तो विषय आपण होऊन सोडला.

गाडी शिकवणाऱ्या उस्तादाने शेवटच्या दिवशी एक गोष्ट सांगितली होती. कंपनीच्या कागदावर कंपनीचा वेळ असतो, आपला वेळ आपण लिहावा; उद्या काही झालं आणि कोणी विचारलं, तर उत्तर आपल्या खिशात पाहिजे. बरोबरच्या पोरांनी हे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. धर्मेंद्रने मात्र त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, कुठून कुठे, किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, एकूण तास. अक्षर मोत्यासारखं. एक दिवस चुकवला नाही.

आता यात एक मेख होती, आणि ती त्याच्या लक्षात येणं कठीणच होतं. मागावर पैसा मीटरवर. माग खडखडत असेल तोवर काम; ताण्याच्या सुताचा रूळ, म्हणजे बीम, संपला आणि नवा यायला चार तास लागले, तर ते चार तास कोणाच्याच हिशेबात नाहीत. कारागीर गाळ्याच्या पायरीवर बसून चहा पितो, आणि घरी कोणी विचारलं तर म्हणतो, आज निम्मा दिवस बसूनच गेला. नऊ वर्षांत ही गोष्ट धर्मेंद्रच्या हाडीमाशी खिळली होती. त्यामुळे वहीत त्याने तेवढेच तास लिहिले, जेवढे चाकं रस्त्यावर फिरली. इच्छापोर ते वापी तीन तास, वापी ते इच्छापोर तीन तास, एकूण सहा. ज्या पोलाद कारखान्याचा माल ट्रान्सपोर्ट न्यायचं, त्याच्या गेटबाहेर लायनीत काढलेला वेळ, पोलादी पत्र्याची ती भलीमोठी वेटोळी, ज्यांना सगळे कॉइल म्हणतात, ती चढेपर्यंतचा वेळ, साखळ्या आवळण्याचा, ताडपत्री बांधण्याचा, वापीला माल उतरेपर्यंत ताटकळण्याचा, यातलं काहीच त्याला काम वाटलं नव्हतं. ते बसणं होतं.

साखळी कशी आवळायची हे त्याला शिकवलं वाल्मिकनानांनी. नाना अमळनेरकडचे, सव्वीस वर्षं गाडीवर, कंपनीतला सगळ्यात नवा ट्रेलर त्यांच्याकडे. लिहिता येत नव्हतं, सही तेवढी यायची. पण कॉइलकडे एकदा बघून ती वळणावर कुठल्या बाजूला ओढणार हे सांगायचे. धर्मेंद्रला ते आपला माणूस मानत. डब्यातली भाकरी अर्धी त्याची असायची.

कंपनीचा सुपरवायझर होता महेशभाई. त्याला ही वही दिसली आणि तो हरखून गेला. त्याचं कारण साधं होतं. कारखान्याचा नियम असा की दहा तासांच्या वर काम झालेल्या ड्रायव्हरला आठ तास झोप मिळाल्याशिवाय पुन्हा लायनीत घ्यायचं नाही, आणि तसं ट्रान्सपोर्टने फॉर्मवर लिहून द्यायचं. ड्रायव्हर रोज कुरकुरायचे की आम्ही दमलो. आणि इथे एक नवा पोरगा स्वतःच्या हाताने लिहून देत होता की वापीची खेप म्हणजे फक्त सहा तास. महेशभाईने त्या पानाचा फोटो काढला, ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली तीन अंगठे दिले. त्या दिवसापासून वापीच्या प्रत्येक खेपेला फॉर्मवर सहा तास पडू लागले.

धर्मेंद्रला वाटलं, आपलं कौतुक झालं. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर त्याला जागा करून देईनासे झाले, तेव्हा त्याला वाटलं, जळतात.

मग मंगळवारी ते झालं. वाल्मिकनाना सोमवारी रात्री वापी करून परतले, तोच फॉर्मवर सहा तास लिहून त्यांना लगेच पुढच्या खेपेच्या लायनीत धाडलं. त्या लायनीत निजता येत नाही. दर दहा मिनिटांनी पुढची गाडी हातभर सरकते, आपण सरकलो नाही तर मागचा मध्ये घुसतो. सकाळी सातला, गेट डोळ्यांसमोर असताना, नानांचा पाय ब्रेकवरून सुटला आणि ट्रेलर पुढच्या ट्रेलरला जाऊन टेकला. माणसाला काही झालं नाही. एक बंपर वाकला, दोन लाल दिवे फुटले. पण उभ्या लायनीत गाडी ठोकणं ही ड्रायव्हरच्या दृष्टीने फार लाजेची गोष्ट, आणि सव्वीस वर्षांच्या ड्रायव्हरला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

महेशभाईने बुधवारी दुपारी निकाल देऊन टाकला. नाना आता थकले, सहा तासांत झोप लागणाऱ्या माणसाच्या हाती ट्रेलर देता येणार नाही. त्यांनी उद्यापासून यार्डात पाने-जॅक सांभाळावेत. आणि ट्रेलर धर्मेंद्रला. एसी केबिनची चावी त्याच्या हातात ठेवून महेशभाई म्हणाला की उद्या सकाळी फॉर्मवर तुझं नाव चढवतो.

धर्मेंद्र खूश झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. वाईटही वाटलं, पण खुशी मोठी होती. तो नानांना भेटायला गेला तर नाना टपरीमागच्या बाकावर बसून होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जागा द्यायची तशी दिली, पण भाकरीचा डबा उघडला नाही.

घरी येऊन त्याने चावी आईपुढे ठेवली. त्याची आई सरलाबाई, बावीस वर्षं उधन्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरलेली बाई. तिने चावी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं की ही कोणाची. धर्मेंद्रने सगळं सांगितलं. नानांचं वय, सहा तासांचं पान, महेशभाईचे अंगठे. सांगताना त्याने वहीही काढली, कारण वही दाखवायला त्याला आवडायचं. सरलाबाईंनी विचारलं की सोमवारी तूही वापीलाच गेला होतास ना, मग पहाटे साडेचारला घरातून निघून रात्री साडेदहाला परत आलास, यात सहा तास कुठे बसतात? त्याने हसून समजावलं की बाकीचा वेळ गाडी उभी होती, आई, नुसतं बसणं होतं.

सरलाबाईंनी चावी वहीवर ठेवली. मग म्हणाल्या, "माग बंद पडे तवय तू घर येई जाये का रे?"

"नही."

"मंग?"

एवढंच बोलून त्या चुलीकडे वळल्या. धर्मेंद्र वहीकडे बघत राहिला. माग बंद पडायचा तेव्हा तो घरी येत नव्हता. पायरीवर बसून असायचा, कारण बीम कधी येईल सांगता येत नसे, आणि बीम आला नि माणूस नसला तर शेठ बोलायचा. त्याची ती नऊ वर्षं शेठच्याच ताब्यात होती. पैसा मीटरचा मिळाला म्हणून त्याने बाकीचे तास स्वतःच खोडून टाकले होते. त्याला स्वतःची लाज वाटली. कुणी फसवलं असतं तर संताप तरी करता आला असता. इथे तर त्याने आपल्याच सुंदर अक्षरात वाल्मिकनानांना म्हातारं ठरवलं होतं.

मग त्याने नवं पान काढलं आणि सोमवार पुन्हा लिहिला. सव्वापाचला यार्डात. साडेपाच ते साडेनऊ लायन. साडेअकरापर्यंत भरणं, साखळ्या, ताडपत्री. बारापर्यंत वजनकाटा आणि गेटपास. तीनला वापी. साडेसहापर्यंत खाली होण्याची वाट. साडेनऊला परत यार्डात. शेवटी त्याने एक रकाना वाढवला, झोपेचा. बेरीज केली, पुन्हा केली. सव्वासोळा तास.

गुरुवारी सकाळी ऑफिसात गर्दी होती. सात-आठ ड्रायव्हर फॉर्मसाठी उभे, कोपऱ्यात वाल्मिकनाना पान्यांची पेटी घेऊन. धर्मेंद्रने ट्रेलरची चावी टेबलावर ठेवली आणि वही उघडून पुढे सरकवली. महेशभाईने वाचलं, भुवया चढवल्या आणि विचारलं की एकाच दिवसाची दोन पानं कशी, आणि आता यातलं खरं कुठलं मानायचं.

"दोनों मैंने लिखा है," धर्मेंद्र म्हणाला. "छह घंटा गाडी का है, महेशभाई. सवासोला घंटा मेरा है."

महेशभाईने समजुतीने घ्यायचा प्रयत्न केला. लायनीत उभं राहणं हे काम थोडंच असतं, असं झालं तर धंदाच बसेल, आणि नव्या माणसाने पहिल्याच वर्षी एवढं ताणू नये. धर्मेंद्रने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं की लायनीतून ड्रायव्हर घरी गेला तर चालेल का? महेशभाईने फोनकडे पाहिलं, कारण फोन वाजू लागला होता. धर्मेंद्रने आत येण्याआधीच नव्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, आधीचं पान चुकीचं होतं, चूक माझी आहे. त्याखाली एकेक ड्रायव्हर आपापला सोमवार लिहीत होता. पंधरा. साडेसतरा. सोळा. कोणी हिंदीत, कोणी गुजरातीत, एकाने नुसता आकडा. त्या ग्रुपवर कारखान्याचा सुरक्षा अधिकारीही होता, आणि महेशभाईला ते चांगलंच ठाऊक होतं, कारण त्याला घेतलं महेशभाईनेच.

महेशभाई वाईट माणूस नव्हता, पण गाडी उभी राहिलेली त्याला बघवत नसे. तो बराच वेळ स्क्रीन वर-खाली करत राहिला. मग त्याने सोमवारचा फॉर्म मागवला, सहावर रेघ मारली आणि वर खरे तास लिहिले. वापीच्या खेपेनंतर आठ तास कोणाला लायनीत धाडायचं नाही, असं त्याने दाराकडे बघत सांगितलं. आणि चावी धर्मेंद्रपुढून उचलून वाल्मिकनानांकडे सरकवली, कोणाकडेही न बघता. बंपरचं नंतर बघू, म्हणाला.

धर्मेंद्रला त्याच दिवशी आपली जुनी दहाचाकी गाडीच मिळाली, पंखा नसलेली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. दुपारी लायनीत नंबर लागायला वेळ होता. नाना त्याच्या केबिनपाशी आले आणि खालूनच वहीकडे बोट दाखवलं.

"मन्हं बी लिख," ते म्हणाले. "त्या दिनपासून लिख."

धर्मेंद्र खाली उतरला. दोघं गाडीच्या सावलीत बसले. नाना सांगत गेले आणि तो लिहीत गेला. सोमवार, पहाटे चारला उठलो. पाचला यार्ड. लायन, साखळ्या, वापी, परत यार्ड. मग पुन्हा लायन. मंगळवार, सकाळी सात. तिथे नाना थांबले. धर्मेंद्रने पेन शेवटच्या, झोपेच्या रकान्यावर नेला आणि विचारलं, "निजनात कवय, नाना?"

नानांनी रस्त्याकडे पाहिलं. गाड्या हातभर सरकल्या, थांबल्या.

"तो खाना कोरा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

धर्मेंद्रने तो कोरा सोडला. नानांनी पेन मागून घेतलं, वही मांडीवर ठेवली आणि त्या कोऱ्या जागेखाली, एकेक अक्षर थांबून थांबून, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. धर्मेंद्रने हात करून तिला थांबवलं, आणि नानांची सही होईपर्यंत गाडी हलवली नाही.