आधी न्हाणी, मग घर

आंधळगावच्या स्टँडवर खुशबूचं घर एसटीच्या दारात अडकलं! नववीतल्या खुशबूनं जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी कूलरच्या खोक्यावर हे शेतघर उभारलं होतं. भिंतींचे ओंडके म्हणजे धुऱ्यावरच्या तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या.

"माणसं बसवू का तुझा बंगला?" कंडक्टर ओरडला. "मागच्या गाडीनं ये."

"मागची गाडी पोचेपर्यंत प्रदर्शन संपून जाते ना, भाऊ!"

"म्हटलं होतं ना तुले, लहान बनव," डिंपल म्हणाली. ही तिची जिवाभावाची मैत्रीण, पण टोमणा सोडेल तर शपथ. "काहून आयकत नाहीस वं?"

खुशबूला रडू येत होतं. ज्याच्यावरून हे बनवलं ते खरं घर मोबाईलवर पाहिलं त्या दिवसापासून ती त्याच्यावर फिदा होती. फिनलंडची माणसं सातासमुद्रापार अमेरिकेत आली. जिकडेतिकडे नुसतं गवत. लांबून ओंडके ओढून आणले, टोकांना खाचा पाडल्या, एकात एक बसवले. एक खिळा नाही! अन् शंभरावर वर्षं झाली, घर उभंच. काय हात असतील त्यांचे! खुशबूनंही तुराट्यांना तशाच खाचा पाडल्या होत्या. "फेविकॉल लाव अन् मोकळी हो," असं डिंपलनं हजारदा सांगूनही एक थेंब लावला नव्हता.

फेविकॉल नाही... म्हणजे सुटतं!

"डिंपल, रिबिनी दे तुझ्या!"

"माह्या वेण्यांच्या?"

अशी घरं उकलून दुसऱ्या शेतात नेत, हेही तिनं पाहिलं होतं. तिनं भराभर तुराट्या काढल्या, दोघींच्या रिबिनींनी एकेका भिंतीची मोळी बांधली, पुठ्ठ्याची घडी घातली, अन् अख्खं घर मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर बघतच राहिला.

भंडाऱ्याच्या हॉलमध्ये मात्र परीक्षक बाई लवकरच टेबलाशी आल्या. तेव्हा पुठ्ठ्यावर एका कोपऱ्यात काडेपेटीएवढी खोली तेवढी पुन्हा जुळवून झाली होती.

"घर कुठं आहे?"

"गेलो आपण," डिंपल पुटपुटली.

खुशबूनं त्या खोलीकडे पाहिलं अन् तिला एकदम हसूच आलं.

"मॅडम, घर यायचं आहे अजून. ते लोकंही आधी हेच बांधत. ही न्हाणी. आत दगड तापवायचे, वरून पाणी टाकायचं, वाफेनं अंग शेकायचं. शेतातून थकून येत ना! घर होईपर्यंत बिऱ्हाड इथंच. लेकरंही इथंच जन्मली."

"खिळा नाही, गोंद नाही, अन् हे टिकतं?" बाईंनी वाकून पाहिलं.

"हलवून पहा ना!"

बाईंनी पुठ्ठा गदागदा हलवला. टेबल हादरलं अन् शेजारच्या थर्माकोलच्या महालाची खिडकी गळून पडली. न्हाणी जागची हलली नाही.

बाईंनी हातातला गुणांचा कागद बाजूला ठेवला अन् खुर्ची ओढली.

"चल, घर बांधू. ही तुराटी कोणत्या बाजूनं बसते?"

"खाच खाली, मॅडम," खुशबू म्हणाली, अन् तिनं दुसरी रिबीन सोडली.